डाव्या वळणाचा शंख

१

चित्र परत आलं तेव्हा भिंगबाई शिक्षकांच्या खोलीत चहात बिस्कीट बुडवत होत्या. परत आलं म्हणजे ईमेलनं आलं. पण म्हणून नाचक्की काही कमी होत नाही.

"आपल्या शाळेचं चित्र स्पर्धेतून बाद करावं लागत आहे, याचा खेद वाटतो," संग्रहालयानं लिहिलं होतं. "आमच्या दालनातला शंख उजव्या वळणाचा आहे, चित्रातला डाव्या वळणाचा. शिवाय चित्रातल्या शंखावर वरपासून खालपर्यंत एक सरळ चीर दिसते, तशी आमच्या शंखावर नाही. वस्तू स्वतः पाहून चित्र काढावं, एवढा एकच नियम होता. हे चित्र दुसरीकडून उतरवलं असावं. आपला खुलासा शनिवारपर्यंत कळवावा."

बिस्कीट सुटून कपात पडलं. बाईंनी ते काढायचा प्रयत्नही केला नाही.

विज्ञानाच्या या बाईंना सारी शाळा भिंगबाई म्हणायची, कारण गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग कायम लटकलेलं असायचं. त्या भिंगातून त्या पानाच्या शिरा बघायच्या आणि मुलांच्या उत्तरपत्रिकाही. दोन पेपरांत एकच चुकीचा आकडा दिसला की त्या दोघांना बोलावून घ्यायच्या, आणि दोघं खोलीत शिरायच्या आधीच कुणी कुणाचं बघितलं हे त्यांनी ठरवलेलं असायचं. आपल्या तावडीतून नक्कल कधी सुटत नाही, अशी त्यांची समजूत होती. शाळेचीही होती.

आणि आता त्यांनीच निवडलेलं, त्यांनीच मिरवलेलं चित्र नकलेचं निघालं होतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत बघण्यासारखं होतं काय, तर बाटलीतला एक मासा आणि जबडा निखळलेला सापळा. म्हणून दूरच्या शहरातल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयानं आपली कपाटं ऑनलाइन उघडली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद भिंगबाईंना झाला. फुलपाखरं, अंडी, दगडात उमटलेली पानं, सगळं पडद्यावर यायचं आणि माउसनं हवं तसं फिरवता यायचं. बाई आठवीच्या वर्गाला सभागृहात नेऊन बसवायच्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोरीवर पडदा टांगलेला असायचा. घरच्या दोन जुन्या पांढऱ्या चादरी बाईंनी स्वतः मशीनवर जोडून तो शिवला होता आणि त्याचाही त्यांना अभिमान होता. वस्तूशेजारची माहिती त्या मुद्दाम बटण दाबून लपवून ठेवायच्या. "आधी डोळे, मग अक्षरं," असं त्या म्हणायच्या.

शंखाच्या तासाला नेट रुसलं होतं. वेळ फुकट जाऊ नये म्हणून बाईंनी शेजारच्या फळ्यावर खडूनं एक सुबक शंख काढून दाखवला. मग एकदाचं पान उघडलं, शंख पडद्यावर आला, बाईंनी तो फिरवून जरासा तिरपा थांबवला आणि म्हणाल्या, "काढा." आलेल्या चित्रांत एकच चित्र जिवंत वाटलं, ते शिडीचं.

शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी. अडकलेली खिडकी उघडायची असो की भिंतीवरचा तक्ता काढायचा असो, हाक तिलाच जायची.

बाई कप तसाच टाकून वर्गात गेल्या.

"शिडी, उभी राहा. हे चित्र कुठून काढलंस?"

"बघून काढलं, बाई."

"कुठं बघून?"

"पडद्यावर."

"पडद्यावरचा शंख उजवा होता. सगळ्या वर्गाला उजवा दिसला. तुला एकटीला बरा डावा दिसला?"

शिडीनं भिंतीवर लावलेल्या आपल्या चित्राकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या चित्रांकडे पाहिलं. "मला असाच दिसला," ती म्हणाली, पण शेवटचा शब्द तिच्या तोंडातच राहिला.

"आधी चोरी आणि वर हे! संग्रहालयापर्यंत शाळेचं नाक कापलंस. काढ ते खाली."

चित्र बरंच उंच लावलेलं होतं. शिडीला स्टूल लागलं नाही. तिनं हात वर केला, एकेक टाचणी काढली, चित्र बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि टाचण्या त्याच्याशेजारी नीट ओळीनं ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही.

२

"खुलासा लिहून टाका आणि मोकळ्या व्हा," मोठ्या बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टी शनिवारपर्यंत संपवायच्या असत. "विद्यार्थिनीनं नक्कल केली, आम्ही समज दिली. दोन ओळी."

पण भिंगबाईंना दोन ओळी पुरणार नव्हत्या. चित्र चांगलं होतं, हे त्यांच्या मनाला खात होतं. आठवीतल्या पोरीचा हात असा बसलेला नसतो. म्हणजे कुणीतरी मोठं माणूस यात आहे. ते एकदा सापडलं की आपण फसलो याची लाज निम्मी तरी कमी होईल, असा त्यांचा हिशेब होता.

पहिला संशय अर्थातच चित्रकलेच्या सरांवर होता. सर आपल्या खोलीत खुर्चीत डोळे मिटून विचार करत होते. त्यांच्या विचारांना कधीकधी घोरण्याचा आवाज यायचा.

"हे तुम्ही काढून दिलंत?" बाईंनी चित्र त्यांच्या नाकाखाली धरलं.

सरांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. चित्र हातात घेऊन ते खिडकीपाशी गेले.

"मी नाही हो. मी काढलं असतं तर हे असं मधोमध कापून ठेवलं असतं का?" त्यांनी शंखावरच्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही बघा, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. शंखाची सगळी वळणं वाकडी जातात, ही तेवढी ताठ. आणि गंमत बघा, शंखाच्या बाहेरही थोडी गेलीये, वर नि खाली. चीर असती तर शंखापाशीच संपली असती ना?"

"म्हणजे काय?"

"काय माहीत. पण पोरीनं जे दिसलं ते काढलंय. बनवून काढणारा माणूस अशी रेघ कशाला मारेल? सुंदर करेल तो."

"उतरवून काढणारा माणूस मारेल," बाई म्हणाल्या. "छापील कागदाला घडी असली तर घडीचीही रेघ उतरते."

सरांनी खांदे उडवले आणि पुन्हा विचार करायला बसले.

घडीची कल्पना बाईंना आवडली. कुठल्यातरी छापील चित्राची घडी, तो कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरलेला, मागून पेन्सिलीनं गिरवलेला. उजव्याचं डावं तसंच होतं. आता फक्त हे झालं कुठं, एवढंच शोधायचं उरलं होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी पहिल्या नंबराला बोलावलं. वर्गातला पहिला नंबर कायम त्याचाच, म्हणून नावही तेच पडलं होतं. त्याचं शंखाचं चित्र स्वच्छ, उजवं आणि बिनचूक होतं.

"त्या दिवशी शंख नीट दिसत होता ना?"

"हो बाई. एकदम स्पष्ट. पडदा जरापण हलला नाही. एरवी किती फडफडतो, त्या वरच्या खिडकीची काच फुटलीये ना, तिथून वारा येतो, मागच्या वेळी तर बेडकाचे दोन बेडूक—"

"बास बास." पहिल्या नंबराला अघळपघळ उत्तरं द्यायची खोड होती. बाईंनी ते कानाआड केलं.

मग आली चिमणी. चणीनं एवढीशी, आवाजानं त्याहून लहान. बाकावर ती शिडीच्या शेजारी बसायची आणि दोघी उभ्या राहिल्या की वर्ग हसायचा.

"तू शेजारी असतेस. तिला शंख काढताना तू पाहिलंस?"

"नाही बाई."

"का नाही?"

चिमणीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती त्या तासाला माझ्याशेजारी नव्हतीच."

बाई पुढे झुकल्या. गळ्यातलं भिंग टेबलावर आपटलं. "नव्हती? मग हजेरी कशी लागली?"

"हजेरी होती बाई, पण तुम्ही—"

"मी काय? माझी नजर चुकवून पळाली, असंच ना?"

"नाही, ती—" चिमणीचे डोळे भरून आले. बाईंचा आवाज चढला की तिला पुढचे शब्द सापडत नसत. "मला जाऊ द्या ना बाई."

बाईंनी तिला जाऊ दिलं. हवं ते मिळालं होतं. मुलगी सभागृहात नव्हतीच! मग ती होती कुठं?

३

शाळेच्या मागच्या रस्त्यावर शिडीच्या मामाचं दुकान होतं. आईवडील लांब कामाला, म्हणून ती मामाकडे राहायची. बाईंनी दुकानावरची पाटी वाचली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. मामा रबरी शिक्के बनवायचा.

काउंटरवर शिक्क्यांच्या रांगा होत्या. 'पोहोचले', 'रद्द', 'खरी प्रत'. सगळी अक्षरं उलटी कोरलेली, कागदावर सुलटी उमटायला. या दुकानात उजव्याचं डावं करणं हाच धंदा होता. कोडं सुटल्यासारखं बाईंना वाटलं.

मामा बाईंना बघताच उठून उभा राहिला. त्यांच्यासाठी खुर्ची पुसली.

"हे चित्र तुमच्याकडे तयार झालं का?" बाईंनी सरळच विचारलं.

"चित्र?" मामानं ते हातात घ्यायच्या आधी बोटांची शाई पँटला पुसली. "मी तर हे आज पहिल्यांदा बघतोय. आमच्याकडं नावं नि पत्ते, बाई. शंख कोण मागणार?" मग त्याचा चेहरा पडला. "हेच का ते? चोरलेलं?"

"तिनं सांगितलं तुम्हाला?"

"ती कसली सांगते! घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. शेजारच्या पोरांकडून कळलं. मी विचारलं तर म्हणते, मी बघूनच काढलं. मी म्हटलं, बाई कशाला खोटं बोलतील? बाईंनी म्हटलंय म्हणजे केलंच असशील. चांगली झापली तिला." मामानं दोन्ही हात जोडले. "आमचं चुकलं, बाई. घरात मोठं बाईमाणूस नाही, वळण कोण लावणार? तुम्ही एवढं शिकवता आणि आमच्या पोरीनं तुम्हालाच खाली बघायला लावलं. मलाच लाज वाटते तुमच्यासमोर उभं राहायची."

"असू द्या," बाई म्हणाल्या. जोडलेल्या हातांपुढे त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. ते बरं वाटलेलं त्यांना पुढे फार दिवस छळणार होतं.

दुकानाच्या आत, पडदीपलीकडे, शिडी बसली होती. समोर शाईची गादी आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. ती एक शिक्का उचलून त्याच्या तळाकडे बघायची, मग कागदावर उठवायची, मग उठलेल्या अक्षरांकडे बघायची, मग पुन्हा तळाकडे. बाईंकडे तिनं मान वर करून पाहिलं नाही.

"ते चित्र-बित्र सगळं बंद केलंय मी," मामा हळूच म्हणाला. "रंगाची पेटी माळ्यावर टाकली. आणि पुढच्या आठवड्यात गावाकडं, आत्याकडं धाडतो तिला. तिथली शाळा लहान आहे, पण तिथं कुणी चोर तरी म्हणणार नाही. तुमची सही लागेल म्हणतात दाखल्यावर. तेवढी द्या."

४

सही द्यायची आणि खुलासा पाठवायचा, म्हणजे काम संपलं. शाळा सुटल्यावर बाई संगणकापुढे बसल्या आणि त्यांनी ठरवल्याप्रमाणे लिहायला घेतलं. 'आमच्या विद्यार्थिनीनं आपल्या शंखाऐवजी' इथपर्यंत आल्यावर त्यांना वाटलं, दुसरा शंख नेमका कुठला ते लिहावं. म्हणजे तपास पक्का केल्यासारखं दिसेल. त्यासाठी त्यांनी संग्रहालयाचा शंख उघडला, माहिती सवयीनं लपवली, आणि तो फिरवला.

मग जवळ आणला. मग गळ्यातलं भिंग उचलून संगणकाच्या पडद्याला लावलं, ज्याची काही गरज नव्हती.

शंखाच्या ओठाचा एक टवका उडालेला होता. आणि पोटावर, दुसऱ्या वळणाजवळ, टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक होतं. त्यांनी माहिती उघडली. एखाद्या शिकारी गोगलगायीनं ते पाडलं असावं, असं तिथं लिहिलं होतं.

बाईंनी शिडीचं चित्र शेजारी ठेवलं. ओठाचा टवका होता. भोकही होतं. दोन्ही उलट्या बाजूला, पण होती.

म्हणजे शंख दुसरा नव्हता. शंख हाच होता.

"तरी काय झालं," बाई रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाल्या. "याच शंखाचा फोटो छापून उलटा गिरवला असेल." त्यांनी संग्रहालयाचे फोटो उघडले. फोटोंतला शंख सैनिकासारखा ताठ उभा होता. चित्रातला तिरपा होता. इतका तिरपा शंख कुठल्याच फोटोत नव्हता. तो तसा तिरपा एकदाच थांबला होता, सभागृहात, त्यांच्याच हातातल्या माउसनं. त्या तासाला हजर नसलेल्या माणसाला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

मग ती तिथं होती. चिमणी म्हणते शेजारी नव्हती, आणि चित्र म्हणतं होती.

आता बाईंचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. बाकीच्यांना या कोनातून काय दिसलं ते बघावं म्हणून त्यांनी भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवलेला वर्गाच्या चित्रांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर एकेक चित्र मांडत गेल्या. उजवा शंख. उजवा शंख. पहिल्या नंबराचा उजवा शंख. सगळे ताठ उभे. कुणाच्याच ओठाचा टवका उडालेला नव्हता, कुणाच्याच पोटाला भोक नव्हतं. आणि प्रत्येकाच्या टोकाला शेवटच्या वळणावर एक छोटासा डौलदार झोका होता, जसा कुठल्याच खऱ्या शंखाला नसतो.

तो झोका बाईंच्या ओळखीचा होता. कॉलेजात असताना आकृत्या काढताना त्यांच्या हाताला ती लकब लागली होती. नेट रुसलं होतं तेव्हा फळ्यावर काढलेल्या शंखाला त्यांनी तोच झोका दिला होता.

नकला पकडणाऱ्या भिंगबाईंच्या समोर सगळ्या वर्गाची नक्कल पसरली होती, एका चित्राची सोडून. आणि मूळ चित्र त्यांचंच होतं. त्यांनी तरी त्या दिवशी पडद्याकडे कुठं पाहिलं होतं? पाहिलं असतं तर टवका दिसला असता. शंख कसा असतो हे त्यांना आधीच माहीत होतं, म्हणून त्यांनी बघितलंच नाही.

एकटी एक मुलगी पडद्याकडे बघत होती. तिला आपण चोर म्हणालो.

पण मग तिला तो डावा का दिसला?

५

सकाळी शाळा भरायच्या आधी बाई सभागृहात गेल्या. शिपाईकाका झाडत होते. त्यांनी कुरकुरत दोरीवर पडदा टांगून दिला, बाईंनी प्रोजेक्टर लावला, शंख आणला आणि आठवून आठवून तसाच तिरपा थांबवला. रिकाम्या सभागृहात पहिल्या बाकावर बसून पाहिलं. उजवा. शेवटच्या बाकावर, अगदी कोपऱ्यात, खिडकीत बसून पाहिलं. सगळीकडून उजवा.

तेवढ्यात फुटक्या काचेतून वाऱ्याचा झोत आला आणि पडदा फुगला. शंख आधी लठ्ठ झाला, मग त्याची घडी पडली.

"अहो काका, जरा धरा ना ती कड!" बाई वैतागून ओरडल्या.

आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

पडदा जरापण हलला नाही, पहिला नंबर म्हणाला होता. काच तेव्हाही फुटकीच होती. मग पडदा हलला का नाही?

काका झाडू ठेवून यायला निघाले होते. बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. त्या स्वतः रंगमंचावर चढल्या, पडदा बाजूला करून मागे गेल्या, आणि खाली बसून चादरीची कड मांडीखाली दाबली. पडदा शांत झाला.

पातळ चादरीतून उजेड आरपार येत होता. त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर, शंख उभा होता. इतका मोठा आणि इतका जवळ, की भोकाच्या कडेची झीजसुद्धा दिसत होती. तो डाव्या वळणाचा होता. आणि त्याच्यावरून, वरपासून खालपर्यंत, शंखाच्याही बाहेर, एक सरळ काळी रेघ जात होती. दोन चादरी जिथं जोडल्या तिथं कापड दुहेरी होतं आणि उजेड अडत होता. समोरून ती रेघ कळतही नव्हती. तशी कळू नये म्हणून बाईंनीच शिवण मागच्या बाजूला घेतली होती. स्वतःच्या हातची शिवण त्यांनी बोटानं चाचपून पाहिली.

मग सगळं आठवलं. नेट येत नव्हतं, पडदा फडफडत होता, त्या चिडलेल्या होत्या. आणि शिडी नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाकावर बसली होती.

"तू पुढे बसलीस की मागच्यांना काही दिसत नाही," त्या म्हणाल्या होत्या, तिच्याकडे न बघताच. "जा, पडद्यामागे जा आणि खालची कड दाबून बस. आणि मध्ये मध्ये डोकावू नकोस."

ती गेली. पुढचा सगळा तास तिथं बसली. तिथं अक्षरं नव्हती, ती बाईंनी लपवलेली. एखादं अक्षर उलटं दिसलं असतं तर तिलाही कळलं असतं. फळाही नव्हता. वहीला जेवढा उजेड पडद्यातून मिळाला तेवढ्यात तिनं समोर होतं ते काढलं. 'हजेरी होती बाई, पण तुम्ही,' चिमणी म्हणाली होती. पुढचं वाक्य बाईंनी तिला पुरं करू दिलं असतं, तर हे सगळं तिथंच संपलं असतं.

ज्याला शोधत त्या गावभर फिरल्या, ते मोठं माणूस आता चादरीच्या कडेवर बसलं होतं.

"बाई, बरं वाटत नाही का?" पडद्यापलीकडून शिपाईकाकांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. पण बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. चूक झाल्याचं दुःख त्यांना माहीत होतं, ते असं नसतं. ही निव्वळ लाज होती, आणि पडद्यामागे त्यांच्यासोबत त्या लाजेशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

६

त्यांना बघून मामा पुन्हा हात जोडायला लागला.

"नका," बाई जवळजवळ ओरडल्याच. "हात मी जोडायला आलेय."

त्यांनी दुकानात उभ्यानंच सगळं सांगितलं. आपण तिला कुठं बसवलं, कसं विसरलो, चिमणीला कसं गप्प केलं. मधेच एक गिऱ्हाईक आलं, तरी थांबल्या नाहीत. शिडी आतून दारापर्यंत आली होती. तिच्या बोटांना जांभळी शाई होती.

"म्हणजे ते तसंच होतं?" तिनं विचारलं.

"तसंच होतं. तू काढलंस तसंच. तिथून बघणाऱ्याला डावाच दिसणार."

शिडीनं आपल्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं.

"मामाच्या दुकानात सगळंच उलटं असतं," ती मग म्हणाली. "मला वाटलं, इथं राहून माझे डोळेच तसे झाले. मी दोन दिवस शिक्के तपासत होते. कुठला खरा उलटा आणि कुठला मला दिसतो."

मामानं तोंड फिरवलं आणि काउंटरवरचे नीट लावलेले शिक्के पुन्हा लावायला लागला. बाईंना वाटलं, या पोरीनं रडावं, ओरडावं, काहीतरी बोलावं. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती, शंखाकडे बघितलं असेल तशी.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "फार मोठं चुकलं."

"वर्गात सांगाल?"

"सांगेन."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर म्हटलं होतं ना मी. मग सगळ्यांसमोरच सांगेन."

"मग येईन," शिडी म्हणाली आणि आत गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि बाईंनी विचारलंही नाही. आत्याकडं एवढ्यात कळवत नाही, एवढं मामा पुटपुटला.

खुलासा त्यांनी त्याच दिवशी पाठवला. त्यात चूक कुणाची ते स्वच्छ लिहिलं आणि विद्यार्थिनीचं चित्र पुन्हा पाहावं अशी विनंती केली. मोठ्या बाईंनी तो वाचून विचारलं, "एवढं सगळं लिहायलाच हवं का? शाळेचं नाव आहे." भिंगबाई म्हणाल्या, "हवं." संग्रहालयाचं उत्तर काय येईल ते त्यांना माहीत नव्हतं.

वर्गात बोलताना त्यांचा आवाज दोनदा फाटला. मग त्यांनी स्टूल आणलं, त्याच्यावर चढून शिडीचं चित्र जुन्या जागी लावलं. हात पुरेना, स्टूल डगमगलं, एक टाचणी खाली पडली. एरवी वर्ग फिदीफिदी हसला असता. आज कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा अवघड होतं. शिडीनं खाली पडलेली टाचणी उचलून त्यांच्या हातात दिली.

पहिला नंबर हळूच उभा राहिला. "बाई, आम्ही फळ्यावरचा काढला होता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मीपण फळ्यावरचाच बघितला."

तास सभागृहात होता. शिडी सवयीनं रंगमंचाच्या पायऱ्यांकडे निघाली.

"कुठं चाललीस? पुढं बस."

"मागच्यांना दिसणार नाही."

"मागचे सरकून बसतील."

"मग पडदा कोण धरणार?"

बाईंनी माउस चिमणीच्या हातात दिला, गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या चढून पडद्यामागे गेल्या. कड मांडीखाली दाबून बसल्या. शंख आला, डावा, मधून रेघ गेलेला. इथून त्यांना वर्ग दिसत नव्हता, वर्गाला त्या दिसत नव्हत्या, आणि त्यांना ते बरंच वाटलं.

पलीकडे कुजबुज झाली. मग शिडीचा आवाज आला, आधी हळू, मग जरा मोठा. "ओठाचा टवका उडालाय. खाली, उजवीकडं. आणि पोटाला भोक आहे, गोल. कुणीतरी बाहेरून पाडलंय, कड बघा ना, आतल्या बाजूला निमुळती होत गेलीये."

"बाई," पहिल्या नंबरानं पेन उघडत विचारलं, "ती सांगतेय ते बरोबर आहे का? लिहून घेऊ?"



"मला इथून उलटं दिसतंय," पडद्यामागून बाई म्हणाल्या. "लिहू नका. आधी ती म्हणते तिथं बघा."